बांधावरचा तारा

सत्यजीतनं रांजणगावच्या कंपनीतून लेथवर अर्ध्या मिलिमीटरच्या चकत्या कातून आणल्या होत्या. दुर्बीण आणि कॅमेरा यांच्यात त्या घालून अंतर जुळवायचं होतं. फोकस धरायला समोर खोटा तारा हवा, म्हणून दिवेलागणीला त्यानं गुडघे दुखणाऱ्या बापाला बॅटरी देऊन पलीकडच्या बांधावर उभं केलं. बॅटरीच्या काचेवर सुईनं भोक पाडलेला काळा कागद होता.

गच्चीवर त्यानं एक चकती घातली की स्क्रीनवरचा ठिपका बारीक व्हायचा आणि पुन्हा पसरायचा. म्हणजे उजेड जवळ आलेला असायचा. कॅमेरा आणखी मागं घ्यावा लागायचा.

"आबा, पुढं सरकू नका म्हनलं ना!" तो फोनवर खेकसला.

"न्हाई रं सरकलो. पाय लई भरून आलेत. बसू का?"

"मेलात तरी उभ्यानं मरा!"

सातवी, शेवटची चकती घातली. ठिपका लख्ख झाला आणि लगेच पसरू लागला.

"आबा, बॅटरी बंद करा."

"ती कवाच इझली. तू हलू नका म्हनलास, म्हणून अंधारातच उभा हाय." आबांचा आवाज एकदम खाली आला. "आन् आता तू बी जागचा हलू नको."