दोन गजानन लोखंडे

रुग्णालयात वडिलांना भात भरवताना निरुपमाचं लक्ष खाटेजवळच्या, नळीतून औषध सोडणाऱ्या यंत्राकडे गेलं. पडद्यावर नाव बाबांचंच होतं, गजानन लोखंडे. औषध मात्र इन्सुलिन, आणि खाली शाखा 'सोलापूर'. बाबांना मधुमेह नव्हताच!

रुग्णालयाच्या सगळ्या शाखांच्या नोंदी एकत्र करणाऱ्या दोन सॉफ्टवेअरची तुलना इथल्या संगणक विभागाची प्रमुख म्हणून तिनेच केली होती. पहिलं सॉफ्टवेअर शंका आली की माणसाला विचारायचं; दुसरं न विचारता सारख्या नावांच्या नोंदी क्षणात जुळवायचं. तिने वेगवान निवडलं होतं.

तिने बाबांच्या हातातली नळी ओढून काढली.

"निरू, काय झालं गं?"

"काही नाही, बाबा."

तिने सोलापूरच्या शाखेला फोन लावला. "तुमच्याकडच्या गजानन लोखंडेंना उठवा! त्यांना माझ्या बाबांचं रक्तदाब उतरवायचं औषध जातंय!"

"मघापासून उठवतेय, मॅडम," तिकडची नर्स रडवेल्या आवाजात म्हणाली.