मासे थोडे थोडे

टाकी बसली, वाळू पसरली, पाणी भरलं, दिवा लागला. सासऱ्यांच्या खोलीचं दार काही उघडलं नाही.

सून ओल्या बाह्यांनी दारापाशी गेली. "बाबा, पाणी भरलंय. बघायला येता?"

"मासे आहेत का?"

"अजून नाहीत."

"मग काय बघायचं? पाणी मी बादलीत बघितलंय."

ती परत हॉलमध्ये आली. सहा फुटी टाकी भिंतीशी बरोब्बर मावली होती. त्या जागी पाळणा यायचा होता. ते सगळं दवाखान्यातच संपलं आणि भिंत मोकळी राहिली.

बाबा पूर्वी असे नव्हते. चार घरं हिंडून आल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. अलीकडे मात्र त्यांनी खोलीच धरली होती. ताट आत, पेपर आत, बोलणं दाराआडून. नवऱ्याची नोकरी फिरतीची, त्यामुळे दिवसभर घरात दोघंच. ती तशीही रजेवर होती. खोलीत बसून बसून माणूस कसा विझत जातो हे तिला चांगलं माहीत होतं, म्हणून तिला बाबांची फार काळजी वाटायची.

त्यांनी वाचून दाराबाहेर सरकवलेल्या पेपरातून एक दिवस मत्स्यालयाच्या दुकानाचं पत्रक पडलं. बाबांना मासे फार आवडायचे. निदान मासे बघायला तरी बाहेर येतील, असं तिला वाटलं. त्या दिवशी चपला शोधण्यातच तिचा वेळ गेला. पलंगाखाली धूळ खात पडल्या होत्या.

दुकानाच्या दारात डाकू नावाचा कुत्रा तिच्यावर तुटून पडला.

"मनावर घेऊ नका," दुकानवाल्या बाई आतून म्हणाल्या. "चार-पाच फेऱ्या होईपर्यंत तो सगळ्यांवरच भुंकतो. मग आपलं माणूस समजतो."

"चार-पाच कशाला? मला सगळे मासे आजच द्या," ती म्हणाली आणि घरची गोष्ट सांगून टाकली.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "एकदम नाही मिळणार. माशांची घाण पचवणारे जंतू पाण्यात तयार व्हायला वेळ लागतो. घाईनं टाकी भरलीत तर सगळे उताणे. थोडे थोडे न्या. आणि दर वेळी टाकीतलं पाणी बाटलीत घेऊन या, मी तपासते."

"आणि हे पट्ट्यांचे? हे तर दगडाआडून निघतच नाहीत."

"लोच. फार लाजाळू. ओढून काढायला गेलात तर आणखी आत जातात. हे सगळ्यात शेवटी. आधी धीट मासे सोडायचे. ते बिनघोर हिंडताना दिसले की यांना कळतं, बाहेर धोका नाही."

त्या दिवशी नुसती टाकीच घरी आली, मग बाटलीच्या फेऱ्या सुरू झाल्या. पाणी बरं झालं तेव्हा बाईंनी झेब्रा मासे दिले, चपळ आणि भोचक. त्या दिवशी दार बोटभर उघडलं.

"एवढ्या मोठ्या घरात एवढीच माणसं?" बाबा म्हणाले.

दुसऱ्या वेळी दार अर्धं उघडलं. "तळ ओका दिसतोय. तिथं मिशीवाले आण."

"बाबा, आत्ताच तर आलेय मी."

"मग चप्पल पायात असेलच."

माणूस बोलायला लागला, याचाच तिला एवढा आनंद होता की ती कुरकुरत पुन्हा जिना उतरली. पुढे तर बाबांना मासे कमी आणि उणिवा जास्त दिसू लागल्या. दाणे मोठे आहेत, माशाच्या तोंडाकडे बघ. पाला मरतोय. एंजल मासा एकटा आहे, त्याला सोबत आण. एकदा ती परतली तर त्यांच्या चपला चिखलानं भरलेल्या.

"बाहेर गेला होतात?"

"मी? कुंडीला पाणी घालताना माती उडाली."

डाकू आता तिला बघून शेपूट हलवायचा. बाई तिच्यासाठी स्टूल ओढायच्या, चहा ठेवायच्या. एकदा वाटेत ऑफिसातली मैत्रीण भेटली. काय विचारावं ते सुचेना म्हणून ती बिचारी पर्सची चेन उघडमीट करत राहिली. तेव्हा सुनेनंच तिला एंजलच्या लग्नाची बोलणी सांगितली. दोघी खूप हसल्या. घरी येताना तिला थोडं रडू आलं, पण ते बरं वाटणारं होतं. पुढच्या महिन्यात ती कामावर रुजू झाली. दुकान वाटेवरच होतं.

आणि बाबा आता टाकीसमोर खुर्ची टाकून जेवू लागले होते. आपण हे करून दाखवलं, असं तिला रोज त्यांच्याकडे बघून वाटायचं.

शेवटी फक्त लोच राहिले.

"हे तुम्हीच निवडायचे," ती म्हणाली. बाबांनी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं, मग ऊन आहे म्हणाले, मग पेपर राहिलाय. तिनं एकही सबब चालू दिली नाही. हात धरूनच घेऊन गेली.

दुकान दिसताच डाकू उठून धावत आला. ती पटकन बाबांच्या पुढे झाली. "मागे राहा बाबा, नवख्या माणसावर तो..."

डाकू तिला वळसा घालून गेला, बाबांच्या गुडघ्यांवर दोन्ही पाय ठेवून उभा राहिला आणि त्यांच्या खिशात नाक खुपसलं. बाबांचा हात सवयीनं खिशात गेला आणि बिस्किट घेऊन बाहेर आला. मग त्यांना भान आलं. ते रस्त्याकडे बघत राहिले.

सुनेनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी हातातली जाळी खाली ठेवली.

"मी सांगणार नव्हते," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या आधी तेच आले होते. म्हणाले, माझी सून खोलीतून बाहेर पडत नाही, बोलवायला गेलं तर आणखी आत जाते. मी घरात दार लावून बसतो, तुम्ही तिला मासे थोडे थोडे द्या."