भिंगरीला पळवताना

वायरमनने चाकाच्या खुर्चीत बसूनच पाइप फिरवला. वायरिंगच्या कामातला जुना पाइप, त्यातून ओवलेली दोरी आणि दोरीच्या टोकाला बांधलेला मोजा. मोजा जमिनीवरून सरपटला तशी भिंगरी त्याच्यामागे सुटली. अंगणाला एक फेरी, दुसरी फेरी. वळणावर पाय घसरले, पडली, उठली, पुन्हा सुटली. दोन वर्षांची कुत्री, अंगात वारं भरलेलं.

"दाजी, शोध भारीच लावलात," फाटकाशी उभा असलेला मेहुणा म्हणाला. "माणूस बसलेला आणि कुत्री पळतेय."

"आळशाचे धंदे, दुसरं काय."

पायांतलं बळ जाऊन वर्ष झालं होतं. आता ते दुखणं वर हातांत चढलं होतं. तिसऱ्या फेरीलाच पाइप खाली कलला. मोजा थांबला. भिंगरीने तो तोंडात धरून आणला, त्याच्या मांडीवर टाकला आणि मागे सरकून वाट बघत उभी राहिली. त्याने पाइप उचलायला घेतला. उचलला गेला नाही. ती एकदा भुंकली.

बायको भिंगरीचं भांडं आणि गोधडी घेऊन बाहेर आली.

"अजून थोडे दिवस राहू दे की," तो म्हणाला. "डावा हात चालतोय अजून."

"परवा हिने उडी मारली आणि खुर्चीसकट आडवे झालात. मी कामावरून येईपर्यंत फरशीवरच होतात."

"तिने काय मुद्दाम पाडलं?"

"मी कुठे म्हणतेय मुद्दाम पाडलं?" तिचा आवाज फाटला. तिने गोधडी भावाच्या हातात कोंबली.

"आमच्याकडे मोकळं रान आहे, दाजी," मेहुणा म्हणाला. "मनसोक्त हुंदडेल." त्याने गाडीचं मागचं दार उघडलं आणि चुचकारून हाक मारली. भिंगरी खुर्चीखाली शिरली. त्याने बिस्कीट दाखवलं. तिने तोंड फिरवलं. त्याने मानेला धरून ओढली, तेव्हा चारही पाय रोवून ती गुरगुरली आणि अंग झटकून सुटली. एरवी कुणावर गुरगुरायची नाही.

"ताई, दोरखंड असेल तर दे. बांधूनच न्यावी लागणार."

"बांधायचं नाही," वायरमन म्हणाला. "खुर्ची गाडीपाशी ने."

बायकोने खुर्ची ढकलत नेली. त्याने पाइप दोन्ही हातांत धरला. तिने कोपराला आधार द्यायला हात पुढे केला.

"तू नको."

भिंगरी खुर्चीखालून बाहेर आली होती. कान टवकारून, अंग आवळून, डोळे मोज्यावर. त्याने दात दाबून पाइप उगारला आणि फिरवला. मोजा हवेतून गेला तो थेट गाडीच्या आत, पार मागच्या सीटवर. गेल्या कित्येक दिवसांत त्याला एवढा लांब फेकता आला नव्हता.

भिंगरीने एका झेपेत आत उडी घेतली. मेहुण्याने दार लावलं.

दोरी दाराच्या फटीतून बाहेर आली होती. काचेआड भिंगरी मोजा दातांत धरून मान झटकत होती. शेपटी जोरात हलत होती. मेहुणा गाडीत जाऊन बसला. इंजिन सुरू झालं. दोरी ताणली, सैल पडली, पुन्हा ताणली. खुर्चीतला वायरमन प्रत्येक हिसक्याबरोबर पुढे झुकत होता.

बायकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, सोडा आता."

पाइपावर त्याची बोटं पांढरी पडली होती.

"मी कुठे धरलंय," तो म्हणाला. "तीच ओढतेय."