हौदातला जावई

नगरच्या डिसेंबरात, हौदाच्या कमरेइतक्या पाण्यात ऑल्विनचे दात वाजत होते. वसईचा कॅथलिक बाप्तिस्मा इथल्या प्रॉटेस्टंट घरात चालत नव्हता. नव्यानं घेतल्याशिवाय रिबेका मिळणार नव्हती.

“पिता, पुत्र, पवित्र आत्मा. बुचकळ्या तीन,” सासरे म्हणाले.

“देव एकच. बुचकळीही एकच, येशूच्या नावानं,” चुलतसासरे म्हणाले. सख्खे भाऊ, पण याच वादापायी वेगवेगळ्या चर्चमध्ये जाणारे.

“पप्पा, तिघं मिळून देव एकच ना? मग बुडवा की एकदाच,” टॉवेल घेऊन उभी रिबेका वैतागली.

सासऱ्यांनी बाह्या सरसावल्या. दोघांनी मिळून जावयाला एकदाच, पण दणदणीत बुडवलं.

वर येताच, सुटलो बुवा म्हणून, ऑल्विनचा हात जुन्या कॅथलिक सवयीनं कपाळ, छाती, खांद्यांवरून क्रूस काढून गेला.

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. बऱ्याच वर्षांनी दोघांचं एकमत झालं.

“ह्याला पुन्हा बुडवा.”