लाल लोकरीचे दोरे

शॉनानं घेवड्याच्या दोन्ही बादल्या ओट्यावर आणून ठेवल्या, तेव्हा तिच्या कडेवरचं पोरगंसुद्धा एक शेंग चघळत होतं. उजाडल्यापासून तिनं सासूच्या परसातला सगळा घेवडा एकटीनं तोडला होता. पोराला टोपलीत बसवून, मक्याच्या ताटांवर चढलेला एकेक वेल शेंड्यापासून बुडापर्यंत चाचपून.

“एक शेंग मागं ठेवली नाही, आई,” ती म्हणाली. आवाजातला आनंद तिला लपवता आला नाही.

सासू डेल्फा आणि शेजारची ओपल खुर्च्यांत बसून हिवाळ्यासाठी शेंगा सुईदोऱ्यात ओवत होत्या. ओट्याच्या आढ्याला चार माळा आधीच वाळत लटकल्या होत्या.

“बघ गं डेल्फा,” ओपल म्हणाली, “शहरातली पोर आणली म्हणून रडत होतीस. तुझ्यापेक्षा हात चालतो तिचा.”

“रडले नव्हते. बोलले होते.” पण डेल्फानं बादलीतली एक शेंग उचलून उन्हात फिरवली. तेल चोळल्यासारखी तुकतुकीत. केंटकीच्या त्या डोंगरात घेवडा घरोघर होता, असा मात्र फक्त ह्या ब्लेव्हिन्सांच्या घरच्या परसात. सुनेकडून सुनेकडे आलेला. शेंगा कोणीही खाव्यात, पण बी घराबाहेर जायचं नाही.

“आणि हे तुमचे दोरे.” शॉनानं खिशातून लाल लोकरीची गुंडी काढली. “खालच्या काही शेंगांना बांधले होते. म्हटलं वाया कशाला घालवायचे, गुंडाळून ठेवले.”

डेल्फाची सुई थांबली. ओपलची झुलती खुर्चीही थांबली.

“त्या शेंगा कुठायत?” डेल्फानं विचारलं.

“ह्यातच. सगळ्यांत भरलेल्या त्याच होत्या.”

डेल्फानं बादलीत हात घातला. फुगलेली एक शेंग शोधून फोडली आणि दाण्यात नख रोवलं. पांढरं दूध नखावर आलं. तिनं दुसरी फोडली. तिसरी फोडली नाही.

“बी धरलं होतं ते,” ती म्हणाली. “वेलावरच वाळायचं असतं. ओलं उगवत नाही.”

शॉनाला आठवलं. जूनमधल्या गार पावसात पहिली पेरणी सडली, तेव्हा बरणी उपडी करून शेवटचा दाणा डेल्फानं पुन्हा पेरला होता. प्रत्येक भोकात बोटानं माती शॉनानंच लोटली होती. बरणी धुऊन फडताळात पालथी घातली होती, तीही तिनंच.

“माझ्या आईकडे म्हणायचे, शेंग राहिली की वेल फुलायचा थांबतो,” ती पुटपुटली. “मला वाटलं, वेल ताटाला बांधलेले दोरे सुटून शेंगांत अडकलेत.”

“मी सांगायला हवं होतं.” डेल्फा बादलीकडे बघत राहिली. “मलाही कधी कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, हे सगळ्यांना ठाऊकच असतं.”

तिनं आवाज चढवला असता तर शॉनाला बरं वाटलं असतं. पोरानं चघळलेली शेंग खाली टाकली आणि आजीकडे हात पसरले. आजीनं ते पाहिलं नाही.

ओपल उठली. मांडीवर पडलेल्या शेंगांच्या शिरा आणि देठं झटकून, पायऱ्या उतरून कुंपणापलीकडे गेली. परत आली ती कॉफीचा जुना डबा पोटाशी धरून. डबा तिनं डेल्फाच्या मांडीवर ठेवला आणि स्वतः मात्र बसली नाही.

डेल्फानं झाकण काढलं. तळहातावर दाणे ओतून घेतले, एक उचलून उजेडात धरला.

“तुझा नवरा गेला त्या वर्षी तुझ्याच वेलावरून घेतलेलं वाण आहे,” ओपल म्हणाली. “तुम्ही सगळे चर्चमध्ये होतात. मी तुझ्या कोंबड्यांना दाणे टाकायला थांबले होते. एक शेंग घेतली.”

“दोन.”

ओपलनं मान वर केली.

“दोन दोरे रिकामे सापडले होते मला,” डेल्फा म्हणाली. “आणि चर्चच्या जेवणात दर वर्षी तुझ्या पातेल्यातला घेवडा मी दोनदा वाढून घेते, तो काय तुझ्या हाताला चव आहे म्हणून?”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तू लावायची थांबली असतीस.”

ओपल आता कुठे खुर्चीत टेकली. डेल्फानं दाणा तिच्यासमोर धरला.

“बारीक केलास मात्र.”

“तुला दिसू नये म्हणून गोठ्याच्या मागं लावते. तिथं ऊन कुठलं?”

डेल्फा हसली नाही, पण तिच्या गालाची सुरकुती हलली. मग ती सुनेकडे वळली. “पोराला इकडे दे. एप्रन पसर.”

शॉनानं पोर तिच्याकडे दिलं आणि एप्रनचा ओचा धरला. डेल्फानं एका हातानं नातवाला सावरत अर्धा डबा त्यात ओतला. दाण्यांवर लोकरीची लाल गुंडी ठेवली.

“पुढच्या वर्षी दोरे तू बांध. कुठल्या शेंगेला ते मी दाखवीन.”

शॉनानं ओचा दोन्ही हातांनी गच्च धरला, एक दाणाही निसटू नये असा.

डेल्फानं उरलेला डबा झाकण लावून ओपलच्या मांडीवर परत ठेवला.

“आणि तू गं,” ती म्हणाली, “गोठ्यामागं नको आता. रस्त्याच्या कडेनं लाव. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे, ब्लेव्हिन्सांचा घेवडा कसा असतो.”