झोपाळ्याच्या कड्या

"कुरकुरणाऱ्या कडीला तेल घालायला मुहूर्त बघायचा नसतो," माहेरची आजी म्हणायची. सासरच्या पहिल्याच रविवारी क्रांतीनं ओढणी खोचली. अंगणातल्या लोखंडी खुर्च्यांचा गंज घासून काढला, झोपाळ्याच्या कड्यांना पोटभर तेल पाजलं. मामंजी बसले, तर झोपाळा पाण्यावर पान हलावं तसा हलला. ती पुन्हा खुर्च्यांकडं वळली, तोच सासूबाई पिठाच्या हातानं धावत आल्या.

"आवाज का थांबला गं?"

"तेल घातलंय की, आत्याबाई!" क्रांती ऐटीत म्हणाली.

झोपाळा रिकामाच हलत होता. फाटक उघडं होतं.

मामंजी कोपऱ्यावर भांबावून उभे सापडले. त्यांना हाताला धरून आणताना सासूबाई म्हणाल्या, "कुणाला कळू दिलं न्हाय, पोरी. ह्यांना घराची वाट गावत न्हाय आता. झोपाळा कुरकुरला, की मला आत कळायचं, हे हाईत."