लिफ्ट खाली थी

दिल्लीच्या कोर्टात लिफ्ट कंपनीच्या वकिलाने चंद्रप्रभाबाईंचा पोलिसांपुढचा जबाब ठणकावून वाचला, "'लिफ्ट खाली थी.' रिकामी लिफ्ट दारात उभी असून यांचे पती पडून दगावले. चूक त्यांचीच!" वरच्या मजल्यावर दार उघडलं, लिफ्ट तळमजल्यावरच होती, एवढंच तर बाईंनी सांगितलं होतं. मग डोक्यात प्रकाश पडला. पांडुरंगा, मराठीतलं 'खाली' हिंदीत रिकामं झालं की! "जजसाहेब," त्या हात जोडून म्हणाल्या, "कीर्तनात आमचे बुवा 'खाली बसा' म्हणतात, तेव्हा आम्ही रिकामे नाही, जमिनीवर बसतो. खाली म्हणजे नीचे हो, नीचे!" कोर्टात हशा पिकला. जजसाहेब हसू आवरून टंकलेखकाला म्हणाले, "लिखिए, लिफ्ट नीचे थी. गलती कंपनी की." बाहेर येताच बाईंनी सासूबाईंना फोन लावला, "आई, तुमचा लेक धांदरट नव्हता हो!"